मागचा बाक

मोटार घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न आमच्या घरी बारा वर्षांपूर्वीच निकालात निघाला. या वर्षी प्रश्न होता तो एवढाच, की जुनी छोटी गाडी काढून तिच्या जागी कोणती आणावी. प्रश्न इतका साधा वाटला, की एखाद्या रविवारी दुसरा चहा होईपर्यंत तो मिटेल अशी माझी समजूत होती. तो मिटायला सात महिने लागले. या सात महिन्यांत मोटारींविषयी मला थोडेफार समजले. ज्यांच्या पंक्तीला इतकी वर्षे बसलो त्या घरच्या माणसांविषयी मात्र पुष्कळच समजले. दिवाळीच्या दिवसांत बऱ्याच घरांतून हाच विषय चाललेला असतो. पाडव्याला गाडी दाराशी आणायची, तिला हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचे, हे सगळे आधीच ठरलेले असते; ठरायची राहते ती गाडी. म्हणून हा विषय इथे मांडतो आहे.

आम्ही कऱ्हाडचे. घरात माणसे सहा: आई, आत्या, आम्ही दोघे आणि दोन मुले. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. फार लवकर विधवा होऊन ती माहेरी आली, ती कायमची. जुनी गाडी पाच जणांची; म्हणजे कागदावर पाच, प्रत्यक्षात चार माणसे आणि एक तक्रार. तेव्हा नव्या गाडीबद्दल आमच्या मागण्या दोनच होत्या. ती ऐसपैस असावी आणि तिने पेट्रोल बेताने प्यावे.

या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात, हे शाळेतल्या मुलालाही पटवून देता येते. गाडी ऐसपैस करायची म्हणजे ती लांब, रुंद आणि उंच करायची. म्हणजे लोखंड वाढले, वजन वाढले. गावातल्या रस्त्यावर घडोघडी थांबून पुन्हा निघताना हे सारे वजन नव्याने ढकलावे लागते, आणि ब्रेक दाबला की ढकलण्याचा सारा खर्च उष्णता होऊन वाऱ्यावर जातो. महामार्गावर थांबणे नाही, पण तिथे वारा आडवा येतो. गाडीची छाती जितकी रुंद आणि उंच तितका त्याचा अडथळा जास्त. शिवाय वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून ज्या उंच, धिप्पाड गाडीला हल्ली सगळे एस.यू.व्ही. म्हणतात ती गावातही जास्त पिते आणि घाटाबाहेरच्या सरळ रस्त्यावरही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे अशी गाडी मध्यम आकाराच्या साध्या मोटारीपेक्षा सर्वसाधारणपणे २०० ते ३०० किलोंनी जड असते. आणि तरीही २०२३ साली साऱ्या जगात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी ४८ टक्के याच जातीच्या होत्या. माणसाला उंचावर बसायला आवडते, एवढेच याचे कारण असेल काय? मला तसे वाटत नाही. आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी दुसरे एक कारण सांगितले, आणि ते झटकून टाकण्यासारखे नव्हते.

"मास्तर," ते म्हणाले, "घ्यायची तर सात जणांची घ्या. घर बांधताना पाहुण्यांची खोली काढतोच की नाही आपण?"

हा मुद्दा आपल्या रक्तातला आहे. भाताचे आधण ठेवताना एका माणसाचे तांदूळ जास्त टाकणारी बाई उधळी नव्हे. तिच्या दारातून कुणी उपाशी जाऊ नये अशी तिची इच्छा असते. जागेचेही तसेच. ज्याच्या घरी जागा आहे त्याच्याकडेच माणसे येतात. मी हे बोलणे घरी सांगितले तेव्हा माझी मुलगी, ती सध्या कॉलेजात शिकते, म्हणाली, "पण बाबा, पाहुण्यांची खोली एका जागी उभी असते. ती तुमच्याबरोबर भाजी आणायला येत नाही." उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देता येते. रिकामी जागा मात्र रोज, प्रत्येक फेरीला, पेट्रोल जाळून हिंडवावी लागते.

त्यावर असे ठरले, की वाद घालण्यापेक्षा तीन महिने वही ठेवावी. गाडी कितींदा निघाली, कुठे गेली, तीत कोण बसले. वहीचे काम मुलीने घेतले. तीन महिन्यांत गाडी ९६ वेळा बाहेर पडली. त्यांपैकी ५१ वेळा तीत एकटा मीच होतो. २४ वेळा दोघे, आठ वेळा तिघे. चार किंवा पाच माणसे बसली ती उरलेल्या तेरा वेळा. या आकड्यांनी माझी खात्रीच झाली. तेरा फेऱ्यांसाठी उरलेल्या ८३ फेऱ्यांना दोन-तीन रिकाम्या खुर्च्या वाहून न्यायच्या, हा शुद्ध अविचार होय. लागेल तेव्हा मोठी गाडी भाड्याने करावी. नाहीतर आमच्याकडची वडाप आहेच. वडापच्या जीपला ऐसपैस कोणी म्हणणार नाही, पण दर माणशी पेट्रोल-डिझेलचा हिशेब केला तर तिच्याइतकी काटकसरी वाहने थोडी. आणि आपली एस.टी. लिटरला चार-पाच किलोमीटरच जात असली, तरी तिच्यात चाळीसावर माणसे बसतात. आत्याचे वय ७६. २०२२ सालापासून पंचाहत्तरीपुढच्या माणसांना एस.टी.चा प्रवास फुकट झाल्यापासून ती आम्हांला मुळी विचारीतच नाही, आधारकार्ड घेते आणि पाटणला बहिणीकडे जाऊन येते.

मी वही मिटणार होतो. मुलगी म्हणाली, "शेवटचा रकाना वाचला नाही तुम्ही."

शेवटचा रकाना तिने आपल्या मनाने आखला होता. त्याचा मथळा होता, 'कोण आले नाही, आणि का.' तेरा फेऱ्यांपुढे तिने लिहिले होते: आजी, गुडघा. आत्याआजी, गुडघा. आत्याआजी, गुडघा. आजी, गुडघा. तेरांपैकी अकरा वेळा दोघींपैकी कोणाचा तरी गुडघा दुखला होता, आणि एकदाही तो दोघींचा एकाच दिवशी दुखला नव्हता.

मी ते पान बराच वेळ पाहत बसलो. मग मागचे एकेक आठवू लागले. मुले लहान होती तोवर मांडीवर बसत आणि आम्ही सहाही जण जोतिबाला जाऊन येत असू. मुले मोठी होत गेली तसतसे गुडघे दुखू लागले. पालीच्या यात्रेला आत्या आली नाही. चिपळूणच्या लग्नाला आई आली नाही. प्रत्येक वेळी मी विचारले होते, आणि "तुम्ही जाऊन या, मी घर राखते" हे उत्तर ऐकून मनातल्या मनात सुटकेचा श्वासही टाकला होता. वयाच्या मानाने गुडघे दुखतात यात संशय घेण्यासारखे काय होते? त्या रात्री मी आईला म्हटले, "आई, खरं सांग, तुम्ही दोघी पाळीपाळीनं राहता ना घरी?" ती भांडी पुसत होती. म्हणाली, "म्हातारपणी गुडघे दुखायचेच की रे. मी गेले काय नि वन्सं गेल्या काय." एवढे बोलून ती आत गेली.

काटकसर हा सद्गुण आहे, असे मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो आहे. परंतु ती काटकसर कोण करतो आणि कोणाच्या वाट्यातून करतो, हा प्रश्न कधी मुलांपुढे ठेवला नाही, कारण तो माझ्याच मनात आला नव्हता. छोट्या गाडीने लिटरला सतरा किलोमीटर दिले, म्हणून मी चारचौघांत तिचे कौतुक केले. त्या सतरा किलोमीटरांत दोन म्हाताऱ्यांच्या घरी बसण्याचा वाटा होता. पेट्रोल मी वाचवीत होतो आणि त्याची किंमत त्या देत होत्या. गंमत अशी, की आमच्यापैकी कोणीही लबाड नव्हते. गाडीला पाच जागा होत्या एवढेच.

तर मग शेजाऱ्यांचे ऐकून सरळ एखादी धिप्पाड गाडी आणावी हे उघड होते. पण एकदा 'किंमत कोण देतो' असा प्रश्न विचारायची खोड लागली, की तो घराच्या उंबऱ्याशी थांबत नाही. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. (लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलो, मग सव्वादोन किलो आला कुठून, असे वर्गात हमखास एक मुलगा विचारतो. पेट्रोलमधला कार्बन हवेतल्या प्राणवायूला जोडून घेतो, त्याचे ते वजन.) लिटरला अठराऐवजी बारा किलोमीटर जाणारी गाडी घेतली आणि वर्षाला १०,००० किलोमीटर चालवली, तर पावणेतीनशे लिटर पेट्रोल जास्त जळते. शंभर रुपयांचा भाव धरला तरी सत्तावीस-अठ्ठावीस हजार रुपये आपले जातात. आणि सहाशेवर किलो वायू ज्यांनी ही गाडी कधी पाहिलीही नाही त्यांच्या वाट्याला जातो, त्यांत अजून न जन्मलेलेही आले. दुसरी गोष्ट अधिक जवळची. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की ज्या गाडीचे बॉनेट चाळीस इंचांहून उंच असते तिची धडक बसल्यावर पादचारी मरण्याचा संभव, ठेंगण्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असतो. आमच्या शाळेची पाचवीतली मुले सायकलवरून येतात. चाळीस इंच म्हणजे त्यांची छाती. उंच गाडीत बसलेल्याला सुरक्षित वाटते ते खोटे नाही. पण त्यातली काही सुरक्षितता त्याने बाहेरच्यांकडून घेतलेली असते.

म्हणजे छोटी गाडी घेतली तर घरातला कोणी घरी राहणार, मोठी घेतली तर रस्त्यावरचा कोणी भरडणार. अशा वेळी निवड करायची तरी कशी? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स याने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात एक युक्ती सांगितली आहे. समाजाचे नियम ठरवायला बसताना माणसांनी अशी कल्पना करावी, की त्या समाजात आपण श्रीमंत असू की गरीब, धडधाकट असू की पंगू, हे आपल्याला ठाऊकच नाही. असा अज्ञानाचा पडदा डोळ्यांपुढे असला म्हणजे कोणीही शेवटच्या माणसाची जागा फार वाईट होऊ देणार नाही. न जाणो, ती आपल्याच वाट्याला यायची. रॉल्सने हे राज्याच्या घडणीसाठी लिहिले, मोटार घेण्यासाठी नव्हे. पण मला वाटले, लावून पाहायला काय हरकत आहे? गाडी अशी निवडावी, की तीत आपण सुकाणूवर बसणार, की मागच्या कोपऱ्यात अंग चोरून, की तिच्या शेजारून सायकल मारीत जाणार, हे आपल्याला ठाऊक नाही.

ही युक्ती मी आईला सोप्या शब्दांत सांगितली. तिला नवल वाटले नाही. लाडू वाटणाऱ्याने आपला लाडू शेवटी घ्यावा, हे ती आम्हांला लहानपणापासून सांगत आलीच होती. पण तिच्यात आणि रॉल्समध्ये एक फरक आहे, तो मला त्या रात्री प्रथम दिसला. रॉल्सचा माणूस कोणता वाटा आपल्याला येईल हे माहीत नसल्यामुळे सारखे वाटे करतो. आईला लहान लाडू कोणता हे पक्के माहीत असते आणि ती नेमका तोच उचलते. पहिल्याला न्याय म्हणतात, दुसऱ्याला माया. माया थोर खरीच. परंतु जिथे ती मुबलक असते तिथे बाकीच्यांना न्याय करण्याची सवयच लागत नाही. मी चाळिशी ओलांडली तरी मला ती लागली नव्हती.

दुसऱ्या रविवारी आम्ही सहाही जण गाड्या पाहायला गेलो; अर्थात दोन खेपांत. दुकानातला विक्रेता माझा जुना विद्यार्थी निघाला. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसत असे. त्याने आम्हांला आधी उंच गाडीपाशी नेले, छपरातली काच सरकवून आभाळ दाखवले, मोठा पडदा दाखवला. मी म्हणालो, "फेरीला मी मागच्या बाकावर बसतो." तो संकोचला. "सर, तुम्ही पुढं बसा. मागं लहान पोरं बसतात." मी म्हटले, "तू चार वर्षं बसलास, मला आज बसू दे."

त्या बाकावर जायचे म्हणजे मधली खुर्ची दुमडून, पाठ वाकवून, एक गुडघा आधी आत घालून शिरावे लागते. बसल्यावर कळले, की पायाखालची जमीन उंच आहे आणि माझे गुडघे माझ्या हनुवटीच्या समाचाराला आले आहेत. खिडकी होती, ती उघडत नव्हती. पुढे चाललेले बोलणे ऐकू येत नव्हते. मागचा बाक उभा केला की सामानाला जागा उरली ती दोन पिशव्यांपुरती. सामान भरायचे तर बाक पाडायचा, म्हणजे पुन्हा माणसे पाचच. इतकी मोठी गाडी, आणि तिच्यातला शेवटचा माणूस आमच्या जुन्या गाडीतल्यापेक्षाही अवघडलेला! आई तर आत चढलीच नाही. नऊवारीचा काठ सावरीत तिने एक पाय वर टाकून पाहिला आणि विचारले, "धरायचं कुठं?" विद्यार्थ्याने वर लावलेली मूठ दाखवली. तिचा हात तिथवर पोचत नव्हता.

दुसरी गाडी तशी रुबाबदार नव्हती. लांब, पण ठेंगणी. दार रुंद, जमिनीपासून बसायची जागा खुर्चीइतकी उंच. आई स्वतःच्या पायांनी बसली, काही धरले नाही. आत्याने हट्टाने मागच्या बाकावर जाऊन पाहिले. ती ठेंगणी आणि सडपातळ, तिला तो पुरला. अशा गाड्या आपल्याकडे नव्या नाहीत. इनोव्हा २००५ साली आली, एर्टिगा २०१२ साली. आणि २०१९ साली आलेल्या ट्रायबरने तर चार मीटरच्या आत सात माणसे बसवून दाखवली, शिवाय तिचा मागचा बाक काढून घरी ठेवता येतो. चार मीटरला आपल्याकडे महत्त्व आहे, कारण सरकार गाडी बाहेरून मोजते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के कर आहे आणि त्यापुढच्या गाडीवर ४०. यातली कोणती आम्ही घेतली ते सांगत नाही; निबंधाची जाहिरात व्हायची.

पेट्रोलविषयी दोन गोष्टी मात्र सांगण्यासारख्या आहेत. दुकानात जो 'अॅव्हरेज' सांगतात तो बहुधा पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत चाचणी होऊन ठरलेला असतो. ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. गाडीची चाके रुळांवर फिरवून, ठरलेल्या वेळी ठरलेला वेग ठेवून ती चाचणी होते. आकडा खोटा नसतो. पण त्यात कुंभार्ली घाट नसतो, सहा माणसे नसतात, पाडव्याचे फराळाचे डबेही नसतात. म्हणून त्याचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता. दुसरी गोष्ट हिशेबाची. लिटरला दहाची गाडी बाराला नेली तर १०,००० किलोमीटरांत १६७ लिटर वाचतात. विसाची चोविसाला नेली तर ८३. दुसरीकडे वाढ दुप्पट दिसते आणि बचत निम्मी. दुकानात हे कोणी सांगत नाही, आणि आम्ही गणिताचे मास्तरही विचारीत नाही.

तरीही एक टोचणी होतीच. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली दगडी कोळशावरील पुस्तकात दाखवून दिले होते, की यंत्रे कमी कोळशात चालू लागली म्हणून कोळसा वाचत नाही, उलट यंत्रेच वाढतात. मोटारींचेही तेच झाले. इंजिने सुधारली, त्यांनी जे वाचवले ते आम्ही वजनात आणि उंचीत घातले. आमची निवडलेली गाडी आमच्या हातात चौदा देईल असा माझा अंदाज होता. जुनी सतरा देत असे. वर्षाला ८,००० किलोमीटर धरले तर शंभर लिटर जास्त. ते कोणाच्या वाट्याचे? आई आणि आत्या गाडीत बसणार म्हणून हा खर्च वाढतो आहे असे म्हणणे सोपे होते. पण वही उघडी होती, आणि तीत ५१ वेळा माझे एकट्याचे नाव होते. वर्षाला चौदाशे किलोमीटर मी गाडीला विश्रांती दिली, तर पेट्रोल पूर्वीइतकेच लागणार होते. म्हणजे महिन्याला सुमारे ११७. माझी शाळा जाऊन-येऊन चार किलोमीटर आहे. हिशेब डोळ्यांपुढे उभा राहिला तो इतका नेमका, की मला तो मुळीच आवडला नाही.

गेल्या जूनपासून मी पायी शाळेत जातो. सौ. म्हणते, तुमची प्रकृती सुधारली. तसे काही नाही. पहिल्याच आठवड्यात माझा गुडघा दुखू लागला, आणि तो खरोखरच दुखत होता. पावसात दोनदा गाडी काढली, ते मुलीने वहीत लिहून ठेवले आहे.

नवी गाडी दसऱ्याला आली. दुसऱ्याच रविवारी कोयनानगरला जायचे ठरले, सहाही जणांनी. कोण कुठे बसणार यावरून मुलांचे भांडण झाले, शेवटी मागच्या बाकावर जातानाच्या प्रवासात मी आणि मुलगा, येताना सौ. आणि मुलगी असे ठरले. शनिवारी रात्री डबे भरणे चालले होते तेव्हा आत्या हळूच म्हणाली, "अरे, मी काय म्हणते, या खेपेला माझं राहू दे. गुडघा दुखतोय."

मुलीने काही न बोलता वही आणून तिच्यापुढे ठेवली. आत्याने चष्मा लावून शेवटचा रकाना वाचला, खालपर्यंत. मग चष्मा काढून ती म्हणाली, "या वेळी खराच दुखतोय ग. पण आता तुम्हांला कसं खरं वाटायचं?"

मी गुडघ्याला हात लावून पाहिला. तो सुजला होता, चांगला गरम लागत होता. आम्ही कोयनानगर पंधरा दिवस पुढे ढकलले.